कितना देती है... पण कुठे?

नवी गाडी बघायला गेलेल्या माणसाचे खरे प्रश्न दोनच असतात. बाकी सनरूफ, अँबियंट लाइट, दहा इंची स्क्रीन वगैरे सगळा टाइमपास. पहिला प्रश्न, ईएमआय किती बसेल? आणि दुसरा, अर्थातच, कितना देती है? मारुतीने या तीन शब्दांवर अख्खं अ‍ॅड कॅम्पेन उभं केलं आणि ते हिट झालं, कारण प्रत्येकाच्या खानदानात असे एक काका असतातच, ज्यांच्यासमोर रोल्स रॉइस उभी केली तरी ते आधी अ‍ॅव्हरेज विचारतील. (हो, अ‍ॅव्हरेज. मायलेज हा शब्द आपला. काकांच्या पिढीत गाडी 'अ‍ॅव्हरेज' द्यायची.)

सेल्समन ब्रोशरवर बोट ठेवतो. वीस पॉइंट काहीतरी. पॉइंटनंतरही दोन आकडे, म्हणजे सोनाराच्या काट्यावर तोलून काढल्यासारखं वाटतं. खाली बारीक अक्षरात एआरएआयचं नाव. तुम्ही गाडी घेता, हार घातला जातो, पेढे वाटून होतात आणि तीन महिन्यांनी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तुम्हीच सांगत असता, "तेरा मिळतंय यार सिटीत." समोरचा म्हणतो, "मला बारा." दोघं मिळून कंपनीला दोन शिव्या घालता, चहा संपतो, विषयही संपतो.

पण खरंच फसवलंय का? गंमत अशी की ब्रोशरवरचा आकडा सहसा खोटा नसतो. तो फक्त दुसऱ्याच रस्त्यावरचा असतो. आणि तो रस्ता जगात कुठेही नाहीये.

पुण्यातल्या मंडळींना एआरएआय म्हटलं की कोथरूडजवळची टेकडी आठवते. संध्याकाळी वर चढायचं, खाली लुकलुकणारं शहर बघायचं आणि मग वडापाव. ज्या संस्थेमुळे टेकडीला हे नाव पडलं ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. गाडी बाजारात येण्याआधी तिची अधिकृत चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. मानेसरला आयकॅट आहे, आणखीही आहेत. पण फोटोकॉपीला जसं आपण झेरॉक्स म्हणतो तसं मायलेज म्हटलं की 'एआरएआय मायलेज' हा शब्द रुळून गेलाय.

आता ही परीक्षा कशी होते ते बघा. गाडी एका बंद खोलीत आणतात आणि तिची चाकं मोठ्या रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. ट्रेडमिलच समजा, फक्त ही ट्रेडमिल कपडे वाळत घालायला वापरत नाहीत. ड्रायव्हरसमोर स्क्रीनवर एक रेघ असते. कोणत्या सेकंदाला किती स्पीड हवा, कधी ब्रेक, कधी गिअर, सगळं ठरलेलं. या ठरलेल्या प्रवासाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. शॉर्टफॉर्म? एमआयडीसी! मराठी माणसाला एमआयडीसी म्हटलं की चाकण, भोसरी, सकाळच्या शिफ्टच्या बसेस आणि खड्डे आठवतात. पण या एमआयडीसीत खड्डा नाही, बस नाही, राँग साइडने येणारा टेम्पो नाही. सुमारे वीस मिनिटांचा आणि साडेदहा किलोमीटरचा हा प्रवास. आधी शहरातल्यासारखं थांबत-चालत, जास्तीत जास्त ५० चा स्पीड. मग थोडा हायवेसारखा भाग, त्यात कमाल ९०. चढ नाही, वारा नाही, मागे बसलेले तीन मित्र आणि डिकीतल्या बॅगाही नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या सायकलमध्ये एसी बंद. मे महिन्यात एसी बंद ठेवून ऑफिसला जाणारा कुणी तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला नक्की ब्रोशरच्या जवळचं मायलेज मिळत असणार. ऑफिसला पोचल्यावर त्याच्या शेजारी कोण बसतं, हा वेगळा प्रश्न.

आणखी एक मजेशीर गोष्ट. या चाचणीत किती पेट्रोल जळलं हे टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून आलेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करतात, त्यात कार्बन किती आहे ते तपासतात आणि त्यावरून उलटा हिशोब करून जळलेलं पेट्रोल काढतात. पॉइंटनंतरचे ते दोन आकडे तिथून येतात. मोजणी एकदम काटेकोर, फक्त जे मोजलं त्याचा तुमच्या प्रवासाशी संबंध जेमतेम.

मग अशा परीक्षेचा उपयोग काय? एकच. दोन गाड्या एकाच पेपरला बसल्या, तर कुणाला जास्त मार्क पडले ते कळतं. तुलनेसाठी हे ठीकच आहे. गडबड होते ती पुढे, कारण ज्या परीक्षेचा पेपर सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्या परीक्षेसाठी क्लासेस निघतातच. आणि तुमच्या गाडीत असलेल्या काही गोष्टी या क्लासेसमधूनच आल्यात.

उदाहरणार्थ, डॅशबोर्डवरचं ते 'ए' अक्षराभोवती बाण असलेलं बटण. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की चालू. आयडियल स्टॉप-स्टार्ट म्हणा, आयडल म्हणा, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. आता एमआयडीसीचा शहरी भाग बघा: तिथे जवळजवळ एक तृतीयांश वेळ गाडी नुसती उभी असते. तेवढा वेळ इंजिन बंद म्हणजे फुकटचे मार्क! खऱ्या सिग्नलला मात्र इंजिन बंद झालं की बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही बंद पडतो, पंख्यातून कोमट हवा यायला लागते आणि अर्ध्या मिनिटात इंजिन परत सुरू होतं. म्हणून गाडीत बसल्या बसल्या आपण आधी ते बटण दाबून फीचर बंद करतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या वेळी ते पुन्हा चालूच होतं. का? कारण परीक्षेला गाडी ज्या अवस्थेत बसली तीच तिची 'नॉर्मल' अवस्था असायला हवी. तंत्रज्ञान वाईट नाहीये, हे आधीच सांगतो. बीकेसीच्या एखाद्या तीन मिनिटांच्या सिग्नलला, थंडीच्या दिवसांत, ते खरंच पेट्रोल वाचवतं. फक्त ते तुमच्यासाठी आलं नव्हतं.

मग कुणासाठी आलं? इथे 'कॅफे' येतं. कॉफीवालं नाही. कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या मर्यादेत बसवायची. आपल्याकडे २०१७ मध्ये ही मर्यादा किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती, २०२२ पासून ती ११३ वर आली. (गाड्या जड असतील तर मर्यादा थोडी सैल मिळते, पण ते गणित आत्ता सोडा.) ही सरासरी त्या रोलरवरच्या आकड्यांचीच असते. म्हणजे तुम्हाला सिटीत तेरा मिळो नाहीतर नऊ, कंपनीच्या हिशोबात तुमच्या तेराला जागाच नाही. उलट एक इलेक्ट्रिक गाडी या हिशोबात एकापेक्षा जास्त धरली जाते. एखाद्या कंपनीला अचानक इलेक्ट्रिकचं प्रेम का फुटलं, दुसरी प्रत्येक मॉडेलला सीएनजी का जोडतेय, याचं अर्धं उत्तर इथे आहे. पर्यावरण वगैरे आहेच हो, पण फायनान्सवाले पर्यावरणाला एवढ्या लवकर सही देत नाहीत.

सियाझची गोष्ट या बाबतीत वाचण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मारुतीने सियाझ डिझेलमध्ये 'एसएचव्हीएस' नावाची छोटी हायब्रिड सिस्टीम टाकली. थोडी मोठी बॅटरी, इंजिनला हलका हात देणारी छोटी मोटर आणि तोच स्टॉप-स्टार्ट. ब्रोशरवर आकडा आला २८.०९! आख्खी सेडान आणि आकडा बाइकच्या आसपास. त्यावर केंद्राच्या फेम योजनेत सबसिडी मिळायची. मग १ एप्रिल २०१७ पासून अशा माइल्ड हायब्रिडची सबसिडी गेली. तीन महिन्यांनी, जुलैत जीएसटी आला आणि हायब्रिड म्हणून मिळणारी कराची सवलतही गेली. आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने सांगूनच टाकलं की एक वर्षाने, बीएस सिक्स लागू झालं की, आम्ही डिझेल गाड्याच विकणार नाही. का, तर लहान डिझेल इंजिन त्या नियमांत बसवायचा खर्च एवढा की गाडी महाग होणार, आणि तोवर डिझेल-पेट्रोलच्या भावातला फरकही आटलेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव मोकळे सोडले होते. पाच वर्षांत एकच इंजिन हीरो, मग साइड हीरो, मग पडद्याबाहेर. इंजिन तेच होतं, बदललं ते फक्त त्याभोवतीचं गणित. 'डिझेलच घे, वसूल होतं' असा सल्ला ऐकून तेव्हा दीड लाख जादा मोजलेले लोक आजही भेटतात. महिन्याला पाचशे किलोमीटर गाडी चालवणारे.

आता खऱ्या घोटाळ्याकडे येऊ या, कारण हा भाग ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. गोष्ट जपानची, २०१६ ची. मित्सुबिशी तिथे छोट्या 'केई' गाड्या बनवायची, त्यातल्या बऱ्याचशा निस्सानला त्यांच्या बिल्ल्याने विकायला द्यायची. निस्सानच्या इंजिनिअर्सनी पुढचं मॉडेल बनवताना सहज हीच गाडी स्वतः मोजून बघितली. आकडे जुळेनात. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीने कबूल केलं: ६ लाख २५ हजार गाड्यांचं मायलेज फुगवलेलं होतं, त्यातल्या ४ लाख ६८ हजार निस्सानच्या नावावर विकलेल्या.

केलं काय होतं? रोलरला आधी सांगावं लागतं की ही गाडी खऱ्या रस्त्यावर हवेला आणि टायरला किती अडते. ते काढायला गाडी मोकळ्या ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती लवकर मंदावते ते मोजतात. हा आकडा कमी दाखवला की रोलर हलके फिरतात, पेट्रोल कमी जळतं. मित्सुबिशीने नेमका तोच खाली ओढला. पण का, हे जास्त महत्त्वाचं. गाडीचं टार्गेट सुरुवातीला लिटरला २६.४ किलोमीटर होतं. स्पर्धक कंपन्या पुढे जात होत्या, तशी मीटिंगमागून मीटिंग झाली आणि दोन वर्षांत टार्गेट पाच वेळा वाढवून २९.२ वर नेलं. गाडी तीच, टीम तीच, मुदतही तीच. ओळखीचं वाटतंय ना? अशा मीटिंगमध्ये 'नाही होणार सर' म्हणणारा माणूस कुठे मिळतो! प्रेसिडेंट तेत्सुरो आयकावा यांना जावं लागलं, शेअर कोसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ज्या निस्सानने चोरी पकडली, तिनेच २३७ अब्ज येन मोजून मित्सुबिशीचा ३४ टक्के हिस्सा घेतला. एका वाढवलेल्या टार्गेटपायी अख्ख्या कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे.

अमेरिकेतही असं झालंय. ह्युंदाई आणि किआचे आकडे फुगलेले आहेत हे तिथल्या ईपीएने नोव्हेंबर २०१२ मध्ये पकडलं; २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड झाला. पण मला आवडलेला भाग वेगळाच: ग्राहकांना फरकाच्या पेट्रोलचे पैसे डेबिट कार्डवर भरून मिळाले, वर १५ टक्के झालेल्या त्रासाबद्दल! फोर्डची सी-मॅक्स हायब्रिड तर अजून भारी. तिचं मायलेज कंपनीने मोजलंच नव्हतं. इंजिन-गिअरबॉक्स सारखं असलेल्या फ्युजन हायब्रिडचा ४७ मैल प्रति गॅलन हा आकडा हिलाही लावला होता. आणि हे नियमात बसत होतं! उंच, डबडी आकाराच्या गाडीला हवा जास्त अडते हे नियमाला माहीत नव्हतं. लोकांनी बोंब मारल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये आकडा ४३ वर आला आणि गाडी विकत घेतलेल्या प्रत्येकाला कंपनीने ५५० डॉलर दिले.

अमेरिकेत एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. लॅबमधला आकडा लोकांना मिळत नाही हे त्यांच्या सरकारने केव्हाच मान्य केलं. १९८५ च्या मॉडेलपासून त्यांनी सरळ शहरातल्या आकड्यातून १० टक्के आणि हायवेच्या आकड्यातून २२ टक्के कापायला सुरुवात केली. २००८ पासून तर जास्त स्पीड, कडक थंडी आणि एसी चालू अशा चाचण्याही हिशोबात घेतल्या. शिवाय गाडीच्या काचेवर जे लेबल लागतं त्यावर मायलेजबरोबर वर्षाचा इंधनखर्च छापलेला असतो आणि शंभर मैलांना किती गॅलन लागेल तेही.

हा शेवटचा आकडा बारीक वाटतो, पण आपल्या खिशाचा खरा प्रश्न तिथे आहे. लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये दाखवून दिलं की 'लिटरला किती किलोमीटर' असा विचार केला की माणसाचं डोकं हमखास चुकतं. करून बघा. महिन्याला हजार किलोमीटर धरा. जुनी एसयूव्ही ८ देते, ती बदलून ११ देणारी घेतली: १२५ लिटरचे ९१ झाले, ३४ लिटर वाचले. आता २० देणारी छोटी गाडी देऊन २५ देणारी घेतली: ५० चे ४०, वाचले फक्त १०. वरचा बदल तीनचा, खालचा पाचचा, तरी तीनवाला जिंकला. म्हणून काकांचा प्रश्नच उलटा करा. कितना देती है नाही, कितना पीती है!

याच पद्धतीने ब्रोशर आणि रस्ता यांतला फरक मोजा. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल १०० रुपये धरू. वीसच्या हिशोबाने महिन्याला ५ हजार. तेराच्या हिशोबाने जवळजवळ ७ हजार ७००. फरक २ हजार ७०० चा, आणि पाच वर्षांच्या लोनमध्ये तो १ लाख ६० हजारांच्या वर जातो. ईएमआयमध्ये पाचशे रुपये कमी व्हावेत म्हणून आपण बँकेच्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घालतो, आणि इथे अडीच हजार चुपचाप सोडतो.

आणि आता सगळ्यांच्या तोंडी हायब्रिड आहे. टोयोटा हायरायडर आणि ग्रँड विटारा या जोडीने २०२२ मध्ये स्ट्राँग हायब्रिड आणली, आकडा २७.९७. ही सियाझसारखी नावापुरती हायब्रिड नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत भरते आणि ट्रॅफिकमध्ये रांगताना बराच वेळ नुसत्या मोटरवर चालते. म्हणजे पेट्रोल गाडी जिथे सगळ्यात जास्त पिते तिथेच ही वाचवते. तंत्रज्ञान खरंच चांगलं आहे. पण वसुलीचं गणित प्रत्येकाचं वेगळं. समजा रोजच्या ट्रॅफिकमध्ये तिला २२ मिळालं, तिच्या साध्या पेट्रोल बहिणीला १४, आणि किमतीत फरक ३ लाखांचा. हजार किलोमीटरला २६ लिटर वाचले, म्हणजे वर्षाला ३१ हजार. तीन लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षं! तेवढ्यात तुमच्या दोन नोकऱ्या आणि कदाचित एक शहर बदललेलं असेल. तोच माणूस ठाण्याहून नवी मुंबईला रोज जाऊन-येऊन महिन्याला दोन हजार किलोमीटर करत असेल तर पाच वर्षांच्या आत वसूल. त्याने डोळे मिटून घ्यावी. वर्क फ्रॉम होमवाल्याने ते तीन लाख दुसरीकडे लावावेत आणि गाडी मनाला आवडेल ती घ्यावी.

त्यात आता पंपावर ई-ट्वेंटी आलंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच सांगितलंय की ई-टेनसाठी बनवून ई-ट्वेंटीला जुळवलेल्या चारचाकीत हा फरक १-२ टक्के, तर मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-टेनला जुळवलेल्या जुन्या गाडीत ६-७ टक्के. म्हणजे सेकंडहँड गाडी बघत असाल तर तिचं दहा वर्षांपूर्वीचं ब्रोशर दाखवून कुणी आकडा सांगितला की आदराने ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आणि हो, डॅशबोर्डच्या स्क्रीनवर दिसणारं मायलेज. तेही मोजलेलं नसतं. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो, आणि बऱ्याचदा जरा उदार मनाने. सहज नजर टाकायला ठीक. त्यावरून मित्राशी पैज लावू नका.

खरा आकडा काढायची पद्धत आजोबांच्या फियाटच्या काळातलीच आहे. टाकी पहिल्या कटपर्यंत फुल करा, किलोमीटरचा फोटो काढा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, त्या आठवड्यात मुद्दाम शहाण्यासारखी नको. तीन-चारशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. एका टाकीवर विश्वास नको, तीन टाक्यांची सरासरी घ्या. हायवेची टाकी आणि शहराची टाकी वेगळी ठेवा, कारण ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो आणि एक्स्प्रेसवेवर कुणी ८० ने जात नाही.

आणि गाडी अजून घ्यायचीच असेल, तर टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी शोरूमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. सेल्समन तीच वेळ सुचवेल. तुम्ही मंगळवार संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा, ऑफिस सुटायची. ट्रिप मीटर झीरो करा, एसी तुम्हाला लागतो तेवढ्यावर ठेवा आणि गाडी तुमच्या घराच्या रस्त्यावर घाला. तो म्हणेल, "सर, ट्रॅफिकमध्ये नका नेऊ, पिकअप कळणार नाही." त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि न्याच.